नववी पायरी, भाग चौथा

भुताला धावता येतं हे मला 'नववी पायरी'चा चौथा भाग निघाल्यावर कळलं. नुसतं धावता येतं असं नाही, छताला उलटं लटकून धावता येतं, भिंतीतून आरपार जाता येतं, आणि जाता जाता नायिकेच्या कानात असं काही किंचाळता येतं की पहिल्या रांगेतल्या माणसाच्या हातातला पेला कलंडावा. पहिल्या भागातल्या भुताला यातलं काहीच येत नव्हतं. ते फक्त जिना चढायचं. तेही हळू.

मी हे कुचकेपणाने सांगतोय असं कोणाला वाटेल, तर बरोबरच वाटेल. मी ध्वनिकार. पडद्यावर माणूस चालतो तेव्हा ऐकू येणारी पावलं बहुतेक वेळा त्याची नसतातच. माझ्यासारखा कोणीतरी बंद खोलीत पडद्याकडे बघत फळीवर पाय आपटत असतो. हाड मोडायचं असेल तर मी कोबीचा दांडा मोडतो. पक्षी उडवायचा असेल तर चामड्याचे हातमोजे एकमेकांवर झटकतो. चाळीस वर्षं हेच केलं. टाळ्या पडद्यावरच्या माणसाला मिळतात आणि मी घरी जाऊन पाय शेकत बसतो.

'नववी पायरी'चा पहिला भाग सव्वीस वर्षांपूर्वी आला. तो काढणाऱ्या दिग्दर्शकाला आम्ही सगळे थोरले म्हणायचो. थोरल्यांची भूत दाखवायची ऐपत नव्हती, म्हणून त्यांनी ते दाखवलंच नाही. एक कुटुंब नव्या घरात राहायला येतं. रोज दुपारी जिन्यावर पावलं वाजतात. एक जड पाऊल, मग थोडी शांतता, मग दुसरं फरफटत आलेलं. थप. सर्रर्र. अशा नऊ पायऱ्या. दहाव्या पायरीला लागून खोलीचं दार, पण तिथवर ते पोचत नाही. नवव्या पायरीवर थांबतं आणि उभंच राहतं. दार उघडत नाही, सिनेमा संपतो. लोक घरी जाऊन स्वतःचे जिने चढायला घाबरले.

आता मेलेल्या म्हशीला मणभर दूध, असं कोणी म्हणायला नको, म्हणून त्या भागाचे दोषही सांगून टाकतो. नायिका रडताना शिंक आल्यासारखी दिसायची. एका प्रसंगात आरशात कॅमेरावाल्याचं कोपर स्पष्ट दिसतं. पण त्या पावलांपुढे कोपराकडे कोणाचं लक्षही गेलं नाही. लोक थोरल्यांना विचारायचे, ते भूत नवव्या पायरीवर का थांबतं हो? थोरले म्हणायचे, "मला काय माहीत? मी दाराच्या आत होतो."

एवढं शहाणपण पुढच्यांना असतं तर काय हवं होतं! थोरले गेल्यावर निर्मात्याने दुसरा भाग काढला. त्यात कळलं की भूत म्हणजे घरची सून, आणि तिला नवव्या पायरीवरून ढकललं होतं. ढकलणारा सासरा मिशीला पीळ देत फिरायचा, म्हणजे चुकूनही कोणाला शंका राहू नये. तिसऱ्या भागात कळलं की ती पायरीच शापित झाडाच्या लाकडाची होती. झाडाला डोळे होते. डोळ्यांतून चीक गळायचा. तो आवाज मीच केला, पिकलेलं केळं मुठीत दाबून, आणि ते करताना मला आयुष्यात पहिल्यांदा माझ्या धंद्याची लाज वाटली.

खरी लाज मात्र दुसऱ्याच गोष्टीची होती, आणि ती सव्वीस वर्षं झाकून ठेवलेली होती. ती पावलं माझ्या ताईची होती.

ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. लहानपणी आलेल्या तापाने तिचा डावा पाय वाळला. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करायची. आईवडील गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. ती खाली, मी वर. वरच्या खोलीत माझी यंत्रं होती आणि दाराबाहेर एक लाल दिवा. तो लागला की घरात कोणी शिंकायचंही नाही, असा माझा हुकूम होता. घरात कोणी म्हणजे ताईच.

त्या दुपारी मला जिन्याच्या लाकडाची करकर हवी होती. उन्हाने लाकूड फुगतं आणि आपोआप बोलतं. जिन्याखाली मायक्रोफोन ठेवला, दार लावलं, दिवा लावला, कानांवर यंत्र चढवलं आणि डोळे मिटून बसलो. आमच्या धंद्यात डोळे मिटूनच ऐकतात. डोळे उघडे असले की कान आळशी होतात. तेवढ्यात ताई जिना चढू लागली. मी थांबवणार होतो, पण पहिली तीन पावलं ऐकली आणि माझ्या अंगावर काटा आला. नवव्या पायरीवर ती थांबली. जवळजवळ मिनिटभर काहीच नाही. मी टेप बंद केली, आनंदाने तीनदा परत ऐकली, आणि मग दार उघडलं. ताई खाली गेलेली होती. दहाव्या पायरीवर चहाचा कप होता, गारढोण. मी वरूनच खेकसलो, तेव्हा ती दुसरा घेऊन आली.

थोरल्यांना टेप ऐकवली. त्यांनी त्या दिवशी सिनेमाचं नाव बदललं. ताईला मी काहीच सांगितलं नाही. आधी वाटलं, नंतर सांगू. नंतर सिनेमा चालला आणि सांगायची सोयच उरली नाही, कारण गल्लीतली पोरं तिच्या मागे चालायला लागली. पाय फरफटवत, मोठ्याने मोजत. एक, दोन, तीन. नऊ झाले की किंचाळून पळायची. ताई मागे वळून बघायची नाही. पण महिन्याभराने तिने दुकानाचा रस्ता बदलला. गोदामांच्या मागून, मैलभर लांबून जायची, त्या पायाने. अकरा वर्षं, ती पोरं मोठी होऊन पांगेपर्यंत. मी छडी घेऊन पोरांच्या मागे धावायचो. एकाच्या कानाखाली वाजवलीही होती. त्याचा बाप भांडायला आला तेव्हा मी त्याला संस्कारांवर चांगलं अर्धा तास सुनावलं.

तर अशा माणसाकडे गेल्या वर्षी चौथ्या भागाचा दिग्दर्शक आला. हा थोरल्यांचा पुतण्या. वय तिशीचं, दाढी कोरलेली, आणि बोलताना दोन्ही हातांनी हवेत चौकटी काढायची सवय. बसल्या बसल्या त्याने मला सांगितलं की आधीचे तीन भाग म्हणजे नुसती प्रस्तावना.

"काका, या वेळी आपण उत्तर देणार आहोत. ती का थांबते! पायरीखाली विहीर आहे. विहिरीत अख्खं पाताळ. तीनशे भुतं."

"तीनशे कशाला?" मी म्हटलं. "एकाला पाय आहेत की नाहीत ते आधी बघ."

तो हसला. उथळ पाण्याला खळखळाट फार, पण विनोद कळला की नाही याचा पत्ता लागत नाही. मग त्याने पिशवीतून एक पत्र्याचा डबा काढून माझ्यासमोर ठेवला. थोरल्यांच्या माळ्यावर सापडलेली मूळ टेप. डब्यावर माझ्या अक्षरात लिहिलं होतं: 'ताई. जिना. दुपार चार.'

हा आमच्या धंद्याचा नियम. डब्यावर खरं तेच लिहायचं. राक्षसाच्या गुरगुरण्यावर 'राक्षस' लिहिलं, तर दहा वर्षांनी तो आवाज पुन्हा काढायला काय घ्यायचं ते कोणाला कळणार? म्हणून तिथे लिहायचं, 'शेजारचा कुत्रा, तोंड बादलीत'. सगळ्या जगाशी खोटं बोलणारी आम्ही माणसं डब्यांशी मात्र कधी खोटं बोलत नाही.

"ही ताई कोण, काका?" पुतण्याचे डोळे चमकत होते. "तुमची बहीण? हयात आहेत? अहो, मग आपण त्यांना चालवू! जिन्यावर, कॅमेऱ्यासमोर. मूळ भूत! जाहिरातीला याहून चांगलं काय?"

तेव्हा मला त्याचं डोकं त्या डब्यात घालून झाकण लावावंसं वाटलं. पण मी घाबरलोही होतो. मला ताईशिवाय कोणी नाही. लग्न जमलं नाही, मित्र माझ्या जिभेने राहिले नाहीत. संध्याकाळी जेवायला समोर बसते ती एकटी ताई. तिला कळलं की गल्लीतल्या पोरांच्या आधी मी तिच्या पायाचा तमाशा केला, आणि ती जेवायला समोर बसेनाशी झाली, तर मी काय करणार होतो?

"तिला त्रास द्यायचा नाही," मी म्हटलं. "फोन नाही, भेट नाही. मी तुला नवी पावलं करून देतो, याहून चांगली. कबूल?"

"कबूल," त्याने हवेत एक चौकट काढली.

पंधरा दिवस मी स्टुडिओत फळ्यांचा जिना बांधून चढत होतो. डाव्या पायाला वाळूची पिशवी बांधली. पुरुषी बूट, बायकी चपला, अनवाणी, सगळं झालं. गुडघ्याला पट्टी बांधली. जड पाऊल आलं, फरफट आली, पण मधली ती शांतता येईना. मी थांबायचो तेव्हा नुसता थांबलेला म्हातारा ऐकू यायचा. मूळ टेपमध्ये त्या शांततेत कोणीतरी कशाची तरी काळजी घेत होतं. लोकांना तिचीच भीती वाटायची. घड्याळ लावून मोजली, काडीचा फरक नव्हता, तरी येईना. नाचता येईना अंगण वाकडं म्हणत मी फळ्या दोनदा बदलल्या. शेवटी पुतण्या म्हणाला, "जाऊ द्या काका, मूळचीच घेतो. यंत्राने जरा जाड करतो. शिवाय आपलं भूत धावणारच आहे."

सिनेमा लागला. मी ताईकडे विषयही काढला नाही. खाई त्याला खवखवे, पेपरात जाहिरात आली ते पान मी रद्दीत घातलं. पण गुरुवारी सकाळी ती म्हणाली, "दुपारी साडेतीनची दोन तिकिटं मागवलीत. तो तुझा पायरीचा सिनेमा."

"तो? अगं फालतू आहे तो. चौथा भाग म्हणजे तीनदा उकळलेली चहापावडर."

"तू सगळ्यालाच फालतू म्हणतोस. चल गुपचूप."

चित्रपटगृहात जेमतेम वीस माणसं होती. कडेच्या खुर्च्या घेतल्या. सिनेमाबद्दल काय सांगू? तीनशे भुतं होती, मी मोजली नाहीत पण पैजेवर सांगतो, त्यातल्या दोनशे नव्वदांना तोच एक चेहरा होता. भूत येण्याआधी दर वेळी ढोल वाजायचे, म्हणजे झोपलेल्याने उठून घाबरून घ्यावं. पहिल्या भागात एक दार दीड तास बंद राहिलं आणि माणसं खुर्चीत आक्रसली. इथे चाळीस दारं फुटली आणि मागच्या रांगेतला एक गृहस्थ फोनवर नळदुरुस्तीवाल्याशी बोलत होता. दुसऱ्या भागातला मिशीवाला सासरा यात विहिरीचा राखणदार म्हणून परत आला. त्याला पाहून, खरं सांगतो, मला गावचा माणूस भेटल्यासारखं बरं वाटलं. इतकी वाईट अवस्था होती.

आणि मग ताईची पावलं आली. यंत्राने फुगवलेली, चहूबाजूंनी, कोणी कपाटं ओढत असल्यासारखी. मी चोरून ताईकडे पाहिलं. ती चष्मा पुसत होती.

सिनेमा संपला, नावं सुरू झाली, आणि मी उठलो. "चल."

"थांब की. गर्दी जाऊ दे."

इथेच मी चुकलो होतो. ताई नेहमीच शेवटपर्यंत बसते. पायऱ्यांवर धक्काबुक्की नको म्हणून सगळे गेल्याशिवाय उठत नाही, आणि तोवर पडद्यावरचं प्रत्येक नाव वाचते. आयुष्यभर तिच्याबरोबर सिनेमे पाहिले, आणि ऐन वेळी हेच विसरलो. वीस माणसं बाहेर पडली. नावं वर सरकत राहिली. शेवटी आभार आले. त्यात, पाणी पुरवणाऱ्याच्या खाली आणि कुत्रा देणाऱ्याच्या वर, पुतण्याने डब्यावरचं जसंच्या तसं उतरवलं होतं. फोन करायचा नाही एवढंच मी त्याच्याकडून कबूल करून घेतलं होतं.

"'मूळ पाऊल: ताई, जिना, दुपार चार,'" ताईने मोठ्याने वाचलं. काचा घासणाऱ्या बाईची नजर, चुकायचा प्रश्नच नव्हता. "हे असं लिहिणं तुझंच."

"ताई, त्याचं असं झालं की..."

"कसं झालं ते मला काय सांगतोस? जिना मी चढत होते."

"तुला कधी कळलं?"

"पहिल्याच आठवड्यात. दुकानातल्या आम्ही सगळ्याजणी गेलो होतो. माणसाला स्वतःची चाल ओळखू येत नाही होय रे? शेजारची माझाच हात धरून किंचाळत होती. म्हटलं, हिला सांगावं तरी कसं, की बाई, ती मीच आहे."

"मग मला बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून." तिने चष्मा नीट केला. "पोरांनी चिडवलं त्याचं मला तेवढं लागलं नाही. पोरंच ती. पण तू छडी घेऊन धावायचास ना, तेव्हा मी खिडकीत असायचे. धापा टाकत परत यायचास आणि म्हणायचास, लोकांना लाजच राहिली नाही. मला वाटायचं, आता सांगेल. जेवताना सांगेल. अकरा वर्षं वाट बघितली, मग कंटाळले."

चित्रपटगृहातले दिवे लागले. झाडूवाली आमच्या रांगेपर्यंत आली आणि आमच्याकडे बघून दुसऱ्या बाजूला गेली.

"आणि काय रे," ताई म्हणाली, "चार भाग झाले, एकालाही खरं उत्तर सापडू नये? ढकलली म्हणे. शापित लाकूड म्हणे. आता विहीर! तुला तरी कधी विचारावंसं वाटलं का, की मी नवव्या पायरीवर का थांबले?"

"का थांबलीस?"

"तुझा लाल दिवा लागला होता."

मी परत खुर्चीत बसलो.

"नवव्या पायरीवर गेल्याशिवाय तो दिसत नाही. दिसला तशी थांबले. हातात भरलेला कप. तुला काठोकाठ लागायचा, बोटभर कमी असला की तोंड वाकडं. म्हणून मी एक पाऊल टाकायचे, चहा हलायचा थांबला की दुसरं. त्या दिवशीही तशीच आले आणि बघते तर दिवा. म्हटलं, तुझं काहीतरी महत्त्वाचं चाललंय. श्वाससुद्धा जपून घेतला. पाय कापायला लागला तेव्हा वाकून कप वरच्या पायरीवर ठेवला आणि बसत बसत खाली गेले. मग तू ओरडलास, चहा गार झालाय."

पंधरा दिवस मी रिकाम्या हातांनी जिना चढत होतो. सव्वीस वर्षं अख्खी दुनिया ज्या शांततेला घाबरली, ती माझा चहा सांडू नये म्हणून होती. आणि मी दाराच्या आत डोळे मिटून बसलो होतो. मला स्वतःची इतकी किळस त्या केळ्याच्या वेळीही आली नव्हती.

"चुकलं माझं, ताई," मी म्हटलं.

"चुकलंच." तिने खुर्चीच्या दांड्याला धरून स्वतःला उठवलं. "अकरा वर्षं मी गोदामांच्या मागून गेले. ते एका वाक्यात मिटायचं नाही. चल आता."

ती पुढे, मी मागे. उतारावरच्या पायऱ्यांवर तिची पावलं वाजत होती, थप, सर्रर्र, मध्ये काहीच न थांबता. बाहेरच्या दालनात चार पायऱ्या चढून एक बाक होता, तिथे ती जाऊन बसली. मी काउंटरवरून चहा घेतला. पोऱ्याने कप अर्धवटच भरला, तेव्हा मी त्याला काठापर्यंत भरायला लावला.

पायऱ्यांपाशी आलो. पहिलं पाऊल टाकलं. चहा हलला. थांबलो. हलायचा थांबला तेव्हा दुसरं टाकलं. बोटं भाजत होती. वर बघायची सोय नव्हती. चौथ्या पायरीवर पोचून पाहिलं, तर ताई डोळे मिटून ऐकत होती.

"पायाचं तुला जन्मात जमणार नाही," ती म्हणाली. "थांबणं मात्र बरोबर आलं."

तिने डोळे उघडून कप घेतला आणि मला बसायला बाकावर जागा केली.